नेक्सकार-१९

नेक्सकार-१९ ही भारतात विकसित झालेली पहिली कार-टी पेशी उपचारपद्धती आहे. बी-पेशींपासून उद्भवणाऱ्या काही रक्तकर्करोगांवर (लिम्फोमा आणि ल्युकेमिया यांच्या विशिष्ट प्रकारांवर) ती वापरली जाते. पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्था, मुंबई (आयआयटी मुंबई), टाटा मेमोरियल सेंटर आणि आयआयटीच्या आवारात उदयास आलेली इम्युनोॲक्ट ही कंपनी यांच्या संयुक्त प्रयत्नांतून ती साकारली. केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेने ऑक्टोबर २०२३ मध्ये तिला मान्यता दिली. ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते पवई येथे तिचे औपचारिक लोकार्पण झाले. शास्त्रीय लिखाणात तिचा उल्लेख टॅलिकॅब्टाजीन ऑटोल्युसेल या नावाने येतो. आरंभीच्या काही लेखांत ॲक्टॅलिकॅब्टाजीन असे नाव आढळते, मात्र उपचार एकच आहे.

नेहमीच्या अर्थाने हे औषध नव्हे. कारखान्यात एकदा बनवून हजारो रुग्णांना देता येईल असा पदार्थ येथे नसतो. रुग्णाच्याच रक्तातील टी-पेशी शरीराबाहेर काढून, त्यांच्यात एक नवे जनुक घालून, त्यांची संख्या वाढवून त्या त्याच रुग्णाला परत दिल्या जातात. त्यामुळे प्रत्येक रुग्णाचे औषध स्वतंत्र असते आणि ते जिवंत असते. या उपचाराचे सामर्थ्य, धोके आणि किंमत या तिन्हींचे मूळ याच गोष्टीत आहे.

नावाचा अर्थ

'कार' हे 'कायमेरिक अँटिजेन रिसेप्टर' या इंग्रजी संज्ञेचे आद्याक्षरी रूप आहे. मराठीत त्यास 'संयुक्त प्रतिजनग्राही' म्हणता येईल. कायमेरा हा ग्रीक पुराणातील सिंहमुखी प्राणी. त्याचे धड बकरीचे आणि शेपूट सापाचे. मराठी वाचकास नृसिंहाच्या रूपावरून ही कल्पना चटकन यावी. निसर्गात एकत्र न आढळणारे प्रथिनांचे तुकडे जोडून हा ग्राही तयार केलेला असतो, म्हणून हे विशेषण. 'टी' हे अक्षर टी-पेशींचे आणि '१९' हा आकडा सीडी१९ या प्रथिनाचा निर्देश करतो. सीडी१९ हे बी-पेशींच्या पृष्ठभागावर असते आणि उपचाराचे लक्ष्य तेच आहे.

पार्श्वभूमी

टी-पेशी या रोगप्रतिकार यंत्रणेतील शिपाई होत. शरीरातील प्रत्येक पेशी आपल्या अंतर्भागातील प्रथिनांचे लहान तुकडे विशिष्ट रेणूंवर ठेवून बाहेर दाखवीत असते. टी-पेशी आपल्या नैसर्गिक ग्राहीच्या साहाय्याने ते तपासतात आणि परका तुकडा आढळल्यास त्या पेशीचा नाश करतात. कर्करोगाच्या पेशी पुष्कळदा हे तुकडे दाखविणेच थांबवितात. मग पहारेकरी समोर उभा असूनही त्याला चोर ओळखता येत नाही.

ही अडचण टाळण्यासाठी इस्रायलमधील झेलिग एशर यांनी १९८९ साली एक युक्ती मांडली. प्रतिपिंडाला, म्हणजे अँटिबॉडीला, पेशीच्या पृष्ठभागावरील प्रथिन थेट ओळखता येते. त्याला आतील तुकड्यांच्या प्रदर्शनाची गरज नसते. प्रतिपिंडाचे हे ओळखणारे टोक टी-पेशीच्या मारक यंत्रणेला जोडले, तर टी-पेशीला नवे डोळे मिळतील, असा हा विचार होता. आरंभीच्या अशा पेशी शत्रूला ओळखत, पण शरीरात फार काळ टिकत नसत. पुढे त्यांत 'सह-उद्दीपक' असा आणखी एक भाग जोडल्यावर त्या टिकू आणि वाढू लागल्या.

एप्रिल २०१२ मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे एमिली व्हाइटहेड या सहा वर्षांच्या मुलीला कार्ल जून यांच्या गटाने विकसित केलेल्या अशा पेशी देण्यात आल्या. इतर सर्व उपचार थकलेली ही मुलगी उपचारानंतरच्या तीव्र ज्वराने मरणाच्या दारी पोहोचली होती. तिच्या रक्तात इंटरल्युकिन-६ या संदेशवाहक प्रथिनाचे प्रमाण अतिशय वाढलेले आढळले. जून यांना संधिवाताचे टॉसिलिझुमॅब हे औषध या प्रथिनाला रोखते हे ठाऊक होते, कारण त्यांच्या स्वतःच्या मुलीला बालसंधिवात होता. ते औषध दिल्यावर एमिली काही तासांत सावरू लागली आणि पुढे रोगमुक्त झाली. कार-टी उपचाराच्या दुष्परिणामांवर हेच औषध आज जगभर वापरले जाते. ऑगस्ट २०१७ मध्ये अमेरिकी अन्न व औषध प्रशासनाने किमरिया या पहिल्या कार-टी उपचाराला मान्यता दिली. त्याची तेथील घोषित किंमत पावणेपाच लाख डॉलर होती. भारतातील बहुतेक रुग्णांसाठी ही बातमी, बातमी म्हणूनच उरली.

मुंबईतील पेशीसंशोधनाची परंपरा

नेक्सकार-१९ हे एकाएकी उगवलेले फळ नाही. परळ येथील टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. विकृतिशास्त्रज्ञ वसंत रामजी खानोलकर यांच्या पुढाकाराने १९५२ मध्ये भारतीय कर्करोग संशोधन केंद्राची स्थापना झाली. पुण्यात जन्मलेल्या आणि फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेल्या कमल रणदिवे यांनी याच संस्थेत ऊतिसंवर्धनाची, म्हणजे पेशी शरीराबाहेर जिवंत ठेवून वाढविण्याची, प्रयोगशाळा उभारली. भारतातील अशा आरंभीच्या प्रयोगशाळांत तिची गणना होते. त्यापूर्वी त्यांनी अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स येथे जॉर्ज गाय यांच्याकडे काम केले होते. प्रसिद्ध 'हेला' पेशी १९५१ मध्ये ज्यांच्या प्रयोगशाळेत वाढविल्या गेल्या, तेच हे गाय. मानवी पेशी काचपात्रात सांभाळण्याचे हे कसब नसते, तर पुढच्या कशाचीच कल्पना करता आली नसती.

२० मार्च १९८३ रोजी टाटा रुग्णालयात सुरेश अडवाणी आणि सहकाऱ्यांनी देशातील पहिले यशस्वी अस्थिमज्जा प्रत्यारोपण केले. रुग्णाची प्रतिकारशक्ती जवळजवळ शून्यावर नेऊन त्याला संसर्गापासून जपणे आणि पेशी देऊन त्या रुजण्याची वाट पाहणे, या गोष्टींचा सराव तेथील डॉक्टर व परिचारिकांना त्यामुळे दीर्घकाळचा आहे. परळची संशोधन संस्था पुढे खारघर येथे हलली. कर्करोगावरील उपचार, संशोधन आणि शिक्षण यांचे हे प्रगत केंद्र 'ॲक्ट्रेक' या नावाने ओळखले जाते.

विकास

आयआयटी मुंबईच्या जैवविज्ञान व जैवअभियांत्रिकी विभागातील राहुल पुरवार हे अमेरिकेत हार्वर्ड येथील संशोधनकाळानंतर २०१३ च्या सुमारास पवईत रुजू झाले. भारतातील रुग्णाला परवडू शकेल असा कार-टी उपचार घडविणे हे त्यांच्या गटाचे उद्दिष्ट होते. अलका द्विवेदी, अथर्व कारुळकर आदी तरुण संशोधकांचा या कामात मोठा वाटा आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतील शास्त्रज्ञांचे सहकार्यही लाभले. २०१८ मध्ये इम्युनोॲक्ट ही कंपनी स्थापन झाली आणि प्रयोगशाळेतील काम रुग्णापर्यंत नेण्याची जबाबदारी तिने उचलली.

परदेशी तंत्राची नक्कल करून ते स्वस्तात विकणे हा एक मार्ग होता. पवईच्या गटाने मूळ रेणूतच बदल केला. परदेशातील बहुतेक मान्यताप्राप्त सीडी१९ उपचारांत ग्राहीचे ओळखणारे टोक एफएमसी६३ नावाच्या, उंदरापासून मिळविलेल्या प्रतिपिंडावरून घेतलेले असते. मानवी शरीर या उंदरी प्रथिनाला परके समजून त्याविरुद्ध प्रतिक्रिया देऊ शकते आणि दिलेल्या पेशी वेळेआधीच नष्ट होऊ शकतात. यावर उपाय म्हणून संशोधकांनी या प्रतिपिंडाचे 'मानवीकरण' केले. सीडी१९ला प्रत्यक्ष चिकटणारे वळसे उंदराच्या प्रतिपिंडातील, आणि त्यांना आधार देणारा सांगाडा मानवी प्रतिपिंडासारखा, अशी ही रचना आहे. अंगठीतील खडा तोच ठेवून कोंदण बदलावे, तसा हा प्रकार. नव्या ग्राहीने कर्कपेशींचा नाश उंदरी ग्राहीइतकाच केला आणि दाहकारक प्रथिनांचे स्रवण मात्र कमी झाले, असे प्रयोगशाळेत व प्राण्यांवरील चाचण्यांत दिसून आले. हे निष्कर्ष २०२१ मध्ये 'मॉलिक्युलर कॅन्सर थेरप्युटिक्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

ग्राहीचे उरलेले भाग परिचित आहेत. टी-पेशीच्या आवरणातून आत गेलेल्या शेपटीवर ४-१बीबी हा सह-उद्दीपक भाग आणि त्यापुढे सीडी३-झीटा हा 'मारा' अशी आज्ञा देणारा भाग असतो. बाहेरच्या टोकाला सीडी१९ सापडताच आतील दोन्ही भाग जागे होतात.

उपचाराची प्रक्रिया

प्रथम ल्युकाफेरेसिस या पद्धतीने रुग्णाचे रक्त यंत्रातून फिरवून पांढऱ्या पेशी वेगळ्या केल्या जातात आणि उरलेले रक्त शरीरात परत सोडले जाते. रक्तपेढीत प्लेटलेट-दान केलेल्यांना हे यंत्र परिचयाचे असेल. वेगळ्या केलेल्या टी-पेशींना उद्दीपित करून त्यांच्यात लेंटिव्हायरस या निष्प्रभ केलेल्या विषाणूच्या वाहनातून ग्राहीचे जनुक घातले जाते. हे वाहन एचआयव्हीच्या कुळातील विषाणूपासून बनविलेले असते. रोग निर्माण करणारी आणि स्वतःच्या प्रती काढणारी जनुके त्यातून वगळलेली असतात. जनुक टी-पेशीच्या गुणसूत्रात कायमचे बसते, त्यामुळे पेशीचे विभाजन झाल्यावर पुढच्या पिढीलाही ते मिळते. यानंतर पेशींची संख्या वाढवून त्यांची शुद्धता, जिवंतपणा आणि निर्जंतुकता तपासली जाते.

दरम्यान रुग्णाला फ्लुडाराबीन आणि सायक्लोफॉस्फामाइड ही केमोथेरपीची औषधे काही दिवस दिली जातात. शेतात नवे बी पेरण्यापूर्वी तण काढावे, तशा त्यामुळे शरीरातील जुन्या लसिकापेशी कमी होऊन नव्यांना वाढीस जागा मिळते. मग तयार पेशी शिरेतून दिल्या जातात. प्रत्यक्ष देण्यास अर्धा-पाऊण तासही पुरतो. खरी परीक्षा पुढचे काही आठवडे असते.

या काळात रुग्णाने उपचारकेंद्राच्या आवाक्यात राहणे आवश्यक असते. ज्वर केव्हा चढेल हे सांगता येत नाही आणि चढल्यावर दिरंगाई चालत नाही. ठाण्यातील नौपाड्याच्या रहिवाशाला घरी राहून ट्रान्स-हार्बर मार्गावरील पनवेल लोकलने खारघरला तपासणीस जाता येते. गडचिरोली किंवा नंदुरबारच्या कुटुंबाला मात्र महिन्याभराचा निवारा, सोबतीच्या माणसाची बुडणारी मजुरी आणि जेवणखाण यांचा स्वतंत्र हिशेब मांडावा लागतो. टाटा रुग्णालयात येणाऱ्या बाहेरगावच्या रुग्णांची दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत अनेक दशकांपासून जी सोय होत आली आहे, तिचे मोल अशा वेळी कळते. उपचाराच्या जाहीर किमतीत हा खर्च धरलेला नसतो.

चाचण्या आणि निष्कर्ष

४ जून २०२१ रोजी ॲक्ट्रेकच्या अस्थिमज्जा प्रत्यारोपण विभागात भारतातील पहिला कार-टी उपचार करण्यात आला. केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या राष्ट्रीय बायोफार्मा मिशनने पहिल्या व दुसऱ्या टप्प्याच्या मानवी चाचण्यांसाठी १९.१५ कोटी रुपयांचे साहाय्य मंजूर केले होते. बालरुग्णांवरील चाचणीचे नेतृत्व गौरव नरूला यांनी, तर प्रौढांवरील चाचणीचे हसमुख जैन यांनी केले.

प्रौढांवरील चाचण्यांचे निष्कर्ष मार्च २०२५ मध्ये 'द लॅन्सेट हिमॅटॉलॉजी' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पहिल्या टप्प्यात १४ आणि दुसऱ्या टप्प्यात ५० असे एकूण ६४ रुग्ण त्यांत होते. प्रत्येकाचा आजार आधीच्या उपचारांना न जुमानणारा किंवा उलटून आलेला होता. परिणामाचे मूल्यमापन करता आलेल्या ५१ रुग्णांपैकी ३७ जणांत, म्हणजे सुमारे ७३ टक्क्यांत, उपचाराला प्रतिसाद मिळाला.

या ७३ टक्क्यांचा अर्थ नीट समजून घेणे इष्ट आहे, कारण वृत्तपत्रांच्या मथळ्यांत 'प्रतिसाद' या शब्दाची जागा पुष्कळदा 'बरे झाले' हे शब्द घेतात. प्रतिसाद म्हणजे गाठी लहान होणे अथवा नाहीशा होणे, किंवा रक्तात व अस्थिमज्जेत कर्कपेशी न आढळणे. तो टिकेलच असे नाही. याच अभ्यासात आजार पुन्हा न वाढता गेलेल्या काळाची मध्यगा ल्युकेमियात सुमारे सहा महिने आणि लिम्फोमात सुमारे चार महिने होती. मध्यगा म्हणजे निम्म्या रुग्णांचा काळ त्याहून कमी आणि निम्म्यांचा त्याहून अधिक. काही रुग्ण दीर्घकाळ रोगमुक्त राहतात. काहींत कर्कपेशी सीडी१९ हे प्रथिनच टाकून देतात आणि कार-टी पेशींना त्या दिसेनाशा होतात. ज्यांच्यासाठी दुसरा कोणताही मार्ग उरलेला नव्हता, अशा रुग्णांच्या संदर्भात हे आकडे वाचले पाहिजेत. तसे वाचल्यास ते नक्कीच आशादायक आहेत.

दुष्परिणाम

मोठ्या संख्येने कर्कपेशी एकाच वेळी मारल्या जात असताना टी-पेशी दाहकारक प्रथिने रक्तात सोडतात. तीव्र ज्वर, रक्तदाब उतरणे आणि श्वास लागणे ही त्याची लक्षणे होत. या अवस्थेस सायटोकाइन-स्रवण लक्षणसमूह म्हणतात. परदेशी उपचारांत याखेरीज मेंदूवर परिणाम होऊन भ्रम, वाचा अडखळणे किंवा झटके येणे हेही आढळते. नेक्सकार-१९ च्या चाचण्यांत तीव्र स्वरूपाचे सायटोकाइन-स्रवण थोड्याच रुग्णांत दिसले आणि गंभीर मज्जाविषारीपणा आढळला नाही. याचे श्रेय संशोधक मानवीकृत ग्राहीस देतात. वेगवेगळ्या चाचण्यांतील रुग्णसमूह सारखे नसल्याने थेट तुलना मात्र जपूनच करावी लागते.

रक्तपेशींची घट जवळजवळ सर्वच रुग्णांत झाली. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींची तीव्र घट ९६ टक्के, प्लेटलेटची ६५ टक्के आणि रक्तक्षय ६१ टक्के रुग्णांत नोंदला गेला. उपचाराशी संबंधित दोन मृत्यूही या अभ्यासात झाले.

आणखी एक परिणाम उपचाराच्या तत्त्वातच दडलेला आहे. सीडी१९ हे रोगी आणि निरोगी अशा दोन्ही बी-पेशींवर असते, आणि कार-टी पेशी दोहोंत भेद करीत नाहीत. प्रतिपिंडे बनविण्याचे काम बी-पेशींच्या कुळाकडे असल्याने रुग्णाला संसर्गाचा धोका वाढतो आणि प्रसंगी बाहेरून इम्युनोग्लोब्युलिन द्यावे लागते. मनुष्य बी-पेशींविना काही काळ जगू शकतो, म्हणूनच हे लक्ष्य निवडता आले. यकृत किंवा फुप्फुस यांच्या बाबतीत असा सौदा करता येत नाही. घन गाठींच्या कर्करोगांत कार-टी उपचाराला अद्याप तेवढे यश न मिळण्याचे हे एक प्रमुख कारण आहे.

जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकी प्रशासनाने तेथील कार-टी उपचारांच्या माहितीपत्रकावर, दिलेल्या टी-पेशींपासूनच नवा कर्करोग उद्भवण्याच्या दुर्मीळ शक्यतेचा ठळक इशारा छापण्यास सांगितले. असे प्रसंग फार थोडे असले तरी रुग्णांवर दीर्घकाळ लक्ष ठेवणे त्यामुळे अपरिहार्य ठरते.

किंमत आणि उपलब्धता

नेक्सकार-१९ ची किंमत ३० ते ४० हजार अमेरिकी डॉलरच्या दरम्यान, म्हणजे पाश्चात्त्य उपचारांच्या सुमारे एक दशांश, असल्याचे लोकार्पणाच्या सुमारास सांगण्यात आले. परदेशी पद्धतीत रुग्णाच्या पेशी गोठवून दूरच्या कारखान्यात पाठवाव्या लागतात. येथे विषाणुवाहनाच्या निर्मितीपासून पेशींच्या वाढीपर्यंतची कामे देशातच होतात, आणि कुशल मनुष्यबळाचा खर्चही कमी आहे. दुष्परिणाम सौम्य असल्यास अतिदक्षता विभागातील दिवस वाचतात, तोही एक लाभ. प्रयोगशाळेत रेणूचे कोंदण बदलण्याचा निर्णय अशा रीतीने रुग्णालयाच्या बिलापर्यंत पोहोचतो.

तरीही एक दशांश हे प्रमाण परदेशातील किमतीशी आहे, येथील उत्पन्नाशी नाही. रुपयांत ही रक्कम पंचवीस-तीस लाखांच्या पुढे जाते आणि रुग्णालयाचा खर्च वेगळा. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेखाली मिळणारे संरक्षण प्रतिकुटुंब वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत आहे. उरलेली रक्कम मध्यमवर्गीय कुटुंबाने घर विकून, दानशूर न्यासांकडे अर्ज करून वा नातलगांपुढे हात पसरून उभी करायची. 'परवडणारा उपचार' हा लोकार्पणावेळी वारंवार वापरला गेलेला शब्दप्रयोग म्हणून सापेक्ष आहे.

मान्यतेनुसार हा उपचार पंधरा वर्षे आणि त्यावरील वयाच्या, आजार उलटलेल्या किंवा उपचारांना दाद न देणाऱ्या रुग्णांसाठी आहे. बी-पेशींचा तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया हा प्रामुख्याने लहान मुलांचा रोग असल्याने ही वयोमर्यादा महत्त्वाची ठरते. उपचार देणारी रुग्णालयेही मुख्यतः मोठ्या शहरांत आहेत, कारण अस्थिमज्जा प्रत्यारोपणाची सोय, सुसज्ज रक्तपेढी आणि अतिदक्षता विभाग या तिन्ही गोष्टी एका छपराखाली असल्याशिवाय तो देता येत नाही.

नंतरच्या घडामोडी

जानेवारी २०२५ मध्ये बंगळुरूच्या इम्युनील या कंपनीने कार्टेमी हा सीडी१९विरोधी उपचार भारतात उपलब्ध केला. त्याचे मूळ बार्सिलोना येथील हॉस्पिटल क्लिनिक या सार्वजनिक रुग्णालयात विकसित झालेल्या तंत्रात आहे. मल्टिपल मायलोमा या अस्थिमज्जेतील प्लाझ्मा पेशींच्या कर्करोगात सीडी१९ उपयोगी पडत नाही, कारण परिपक्व प्लाझ्मा पेशींवर ते बहुधा नसते. त्यासाठी बीसीएमए या दुसऱ्या प्रथिनाला ओळखणारा मानवीकृत ग्राही घडविण्याचे काम इम्युनोॲक्टने हाती घेतले आहे.